मोडक्या शाफ्टवरची रेघ

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, मायक्रोमीटर, ग्रीस गन असं सगळं पुसून पाटावर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं. आमच्या भागात घरोघरी असंच असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं एवढंच की आमच्या पाटावर दरवर्षी एक मोडका लोखंडी दांडाही असायचा. हातभर लांब, दोन अंगठ्यांएवढा जाड, एका टोकाला खाचा पाडलेल्या आणि त्या खाचांच्या मुळाशीच मोडून दोन तुकडे झालेला. आमचे हे वर्षभर त्याला ग्रीस लावून, माझ्या एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे. खंडेनवमीच्या सकाळी स्वतः पुसायचे, पाटाच्या मधोमध मांडायचे आणि मला म्हणायचे, "लाव कुंकू. नीट बघून लाव."

मी लावायची. चाळीसच्या वर वर्षं लावलं. आणि तो दांडा मीच मोडला होता.

हे त्यांना ठाऊक नाही, या भरवशावर मी सगळा संसार केला.

तो दांडा म्हणजे गाडीचा शाफ्ट. साधी गाडी नव्हे. लाल रंगाची, दोन माणसांची, टपच नसलेली विलायती गाडी. कोल्हापुरातल्या एका बंगल्यातले साहेब गाव सोडून गेले, तेव्हा त्यांच्या मागच्या पडवीत ही ताडपत्रीखाली पडली होती. आत कोंबड्या राहत होत्या. यांनी ती ट्रॅक्टरला बांधून गडमुडशिंगीला घरी आणली, तेव्हा आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. सीटखालून चार अंडी निघाली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "दोन माणसांची गाडी? आनि बाकीच्यांनी काय मागनं पळत यायचं?"

मामंजींची शिरोलीला भट्टी होती. पंपाची बीडं, म्हणजे लोखंडी कवचं, ओतायचे. भट्टीतलं ओतीव काम हेच खरं काम, बाकीचं खेळ, असं त्यांचं मत. यांनी डिप्लोमा केलेला. यांचा जीव लेथवर. ओतायचं नाही, वळायचं, घासायचं, केसाच्या जाडीपर्यंत माप आणायचं. बाप-लेकाचं भांडण असं नव्हतं, पण जेवताना दोघं एकमेकांच्या ताटाकडे बघून बोलायचे.

आणि मी? त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वीस वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेली, वेणीत रोज नवीन रिबीन, आणि जगातलं सगळं आपल्याला येतं अशी ठाम समजूत. स्वयंपाक येत नव्हता, पण येतो असं सांगून लग्न केलेलं. आज ती बया समोर आली तर मी तिला पाटावर बसवून दोन तास ऐकवीन. ती ऐकायची नाही, ते वेगळं.

गाडीचं इंजिन यांनी महिन्याभरात चालू केलं. अडलं ते मागच्या चाकांशी. या गाडीला मागं गिअरची एक पेटी असते, आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट चाकापर्यंत जातो. चाक खड्ड्यात खालीवर होतं, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकते सांधे, ज्यांना मेकॅनिक क्रॉस म्हणतात. आणि मधे शाफ्ट दोन तुकड्यांचा, खाचांतून एकात एक सरकणारा. त्यातला डावीकडचा पार झिजून गेला होता. तसला शाफ्ट मिळायचा तर विलायतेहून. हे म्हणाले, "विलायतेहून कशाला? मी बनवतो."

मामंजी हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "बनव. महिनाभर गाडी चालव. टिकला तर शेडचा उगवतीकडचा कोपरा तुझा. लेथ टाक, मिलिंग टाक, शाफ्ट बनीव न्हायतर आनि काय. मोडला तर पुन्ना ह्यो विषय माझ्यापुढं न्हाय काढायचा."

तेव्हा भट्टीत एक तरुण मिस्त्री होते, यांच्याच वयाचे. हात असा, की लेथवर उभे राहिले की बाकीचे काम सोडून बघत राहायचे. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे, तेवढा वेळ सोडला तर हे दोघे सावलीसारखे बरोबर. त्यांनी मिळून पोलाद शोधलं, वळलं, खाचा पाडल्या, मग पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे लालबुंद तापवून तेलात बुडवणं, म्हणजे पोलाद कडक होतं. जास्त कडक झालं की ठिसूळ होतं, कमी झालं की मऊ राहतं. सगळी हुशारी त्या एका क्षणात असते म्हणे. त्या दिवशी हे जेवायला आले तेव्हा भुवया जळालेल्या होत्या आणि तोंडावर असं हसू, की मला वाटलं, आपल्यावर कधी या माणसाने एवढं हसू खर्च केलं नाही. मला त्या शाफ्टचा राग आला. खरंच आला. सवतीचा येतो तसा.

कोल्हापुरात कारखान्यांना सोमवारची सुट्टी. सोमवारी भट्टीचं आवार रिकामं असायचं. हे मला तिथं घेऊन जायचे आणि गाडी शिकवायचे. मामंजींना न सांगता. सून गाडी चालवते हे त्यांना कळलं असतं, तर गाडी परत कोंबड्यांना दिली असती आणि मला बहुतेक माहेरी. हे शेजारी बसून सांगायचे, "क्लच हळू सोड. हळू म्हणजे किती? तान्ह्या पोराच्या हातातनं खुळखुळा काढून घेतो तेवढं हळू." माझ्या पायाला ते जमत नव्हतं. मी फाडकन सोडायची, गाडी बेडकासारखी उडी मारायची, आणि हे डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं घाबरतात. ते शाफ्टचा आवाज ऐकत असायचे.

महिना संपायला तीन दिवस राहिले होते. हे आणि मामंजी जीपमधून कागलला एका लग्नाला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. डोकं ठणठणीत होतं, नुसतं रिकामं होतं. मी किल्ली घेतली आणि गाडी काढली. गावात नको, लोक बघतील, म्हणून घरामागच्या पाणंदीने निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे गाडीपुरती वाट. बेत असा, की पाणंदीच्या टोकाला जायचं आणि वळून परत यायचं. वळायला जागा लागते, हे त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही.

उसाला पाणी सोडलं होतं, ते फुटून पाणंदीत आलं होतं. काळी माती. डावं मागचं चाक गपकन आत गेलं. मी पाय दाबला. चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि माझ्या नव्या पातळावर चिखलाचा फवारा आला. बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. तिने विळा थांबवला.

"अगं ए, कुणाची गं तू?"

"पाव्हणी आहे," मी म्हटलं. स्वतःच्या गावात.

"व्हय? मग पावणं, दगड घाल की चाकाखाली. नुसतं भुंगवतीयास कशाला?"

तिनेच दगड आणला, पाचट आणलं, चाकाखाली सारलं. मी बसले, इंजिन पार ओरडेपर्यंत पाय दाबला आणि क्लच फाडकन सोडला. चाक आधी चिखलात फिरलं, मग दगडाला धरलं. खालून आवाज आला. कट्ट. मोठा नाही. सुपारी फुटल्याएवढा. गाडी उडी मारून बाहेर आली. म्हातारी मागून ओरडली, "बैलाला बी कुनी एवढं हानत न्हाई गं बाई!"

घरी येऊन मी गाडी धुतली. बॉनेट, दारं, काच, चाकंसुद्धा. वरून सगळी आरशासारखी केली. वरून. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी म्हणाले, "चल, आज मी बसतो तुझ्या गाडीत. बगू." महिन्यात पहिल्यांदा. हे असे खूश झाले की चहा अर्धा टाकून उठले. मी दारात उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. "थांबा, काल असं असं झालंय." चार-पाच शब्द. मी म्हटलं, "सावकाश जा."

शिरोलीला भट्टीच्या फाटकात वळताना शाफ्ट मोडला. सगळे कामगार आत येत होते तेव्हा. मामंजी खाली उतरले, मोडका तुकडा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि यांच्या हातात दिला. "पाणी चुकलंय तुझं," म्हणाले आणि आत गेले. ही हकीकत मला रात्री मिस्त्रींच्या बायकोकडून कळली. हे घरी आले. जेवले, हात धुतले आणि ते दोन्ही तुकडे माझ्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायला बसले.

त्या दिवशी सांगितलं नाही, कारण भीती होती. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, कारण काल सांगितलं नव्हतं. पुढे तर असं झालं, की सांगायचं म्हटलं तर शाफ्ट मोडल्याचं एक आणि न सांगितल्याचं दुसरं. दुसरं रोज मोठं होत गेलं. शेडच्या त्या कोपऱ्यात लाकडी साचे रचले गेले. हे जन्मभर पंपाची बीडं ओतत राहिले. चांगली ओतली. मामंजी गेल्यावर तरी लेथ टाकता आला असता की. मी एकदा सुचवलं. म्हणाले, "आता कशाला? हात गेला तो." दोन्ही हात समोर धरून दाखवले मला, जसे काही कुठे हरवलेत.

गाडीला मग मुंबईच्या भंगार बाजारातला एक जुना शाफ्ट बसला. त्याच्या खाचा खराब. सरळ रस्त्यावर ठीक चालायची, पण वळणावर तो शाफ्ट अडकायचा आणि एकदम सुटायचा, की गाडीचा मागचा भाग बाजूला झटका द्यायचा. हे म्हणायचे, "शिंकली." दर सोमवारी आम्ही दोघं त्या गाडीतून फिरायला जायचो, आणि प्रत्येक वळणाआधी मी दाराची कडी घट्ट धरायची. गाडी शिंकायची, आणि मला पाणंद आठवायची. परतताना भट्टीच्या फाटकात आलो की हे विचारायचे, "चालवतेस का आतल्या आत?" मी म्हणायची, "नको बाई, मला कुठं येतं." त्या दिवसानंतर मी स्टीअरिंगला हात लावला नाही.

गेल्या वर्षी थंडीत हे अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. एकदा तर सुरुवातही केली. "ऐका, मला एक सांगायचंय." त्यांनी मान वळवली. आणि मी सांगितलं, की दूधवाल्याने पाणी घालायला सुरुवात केलीय. बया म्हातारी झाली, गुडघे गेले, दात गेले, पण शहाणपण तिथंच, रिबिनीच्या वेळचं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी हे स्वतःच बोलले. थांबून थांबून. "गाडी विकू नको. मागचे शाफ्ट दोन्ही बदलून घे. क्रॉस नको आता. गोळ्यांचे जॉइंट बसव. मिस्त्रीला सांग, त्याला सगळं ठाऊक आहे."

"बरं," मी म्हटलं.

"तू चालवणार असलीस तर."

"मला कुठं चालवता येतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ, ते सांगता यायचं नाही. मग "हं" म्हणाले आणि डोळे मिटले. मी विचारलं, पाणी देऊ का. पाचव्या दिवशी गेले.

वर्षभर गाडी झाकून होती. वर्षश्राद्ध झालं आणि पुण्याहून नात आली. कॉम्प्युटरवर काम करते, गाडीवर आजोबांइतकाच जीव. तिला मी आजोबांचा निरोप सांगितला. शेवटचं वाक्य वगळून. तिने दोन दिवस फोनमध्ये डोकं घालून कुठून कुठून जॉइंट मागवले, आणि आम्ही गाडी टेम्पोत घालून शिरोलीला मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. मुलं कॉम्प्युटरच्या मशिनवर काम करतात, मिस्त्री मात्र कोपऱ्यातल्या जुन्या लेथवरच. पाठ वाकलीय, पण मापाला वाकायचं तेवढंच वाकतात.

त्यांनी जुने शाफ्ट काढून बाकावर ठेवले. खाचांतलं ग्रीस वाळून दगड झालं होतं. नातीला समजावत होते, "ह्ये बग पोरी. जोर आला की ह्यो आत अडकतोय, वळणावर सुटतोय, म्हणून शिंकायची. आनि क्रॉस कसा, जरा वाकवून फिरवला की एकदा पुढं पळतोय, एकदा मागं राहतोय. गोळ्यांच्या जॉइंटचं तसं न्हाय. आत सहा गोळ्या. कसा बी वाकीव, फिरणार एकसारखा." त्यांनी नवा जॉइंट हातात वाकवून फिरवून दाखवला. काळ्या रबराच्या टोपीखाली काहीतरी गुळगुळीत सरकत होतं. आवाज नाही.

"माप मिळायला पायजे पण," ते म्हणाले. "ह्यो भंगारातला काय बरोबर लांबीचा न्हवता. वहिनी, त्यो मोडका आमचा हाय न्हवं? त्यो घिऊन या. त्याच्यावर माप बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी मी फडक्यात गुंडाळलेला दांडा घेऊन गेले. मिस्त्रींनी तो उलगडला. आधी कुंकू लागलं होतं ते अंगठ्याने हलकेच पुसलं. मग दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून उजेडाला धरले आणि हळूहळू फिरवून बघितले.

"काय हो?" मी विचारलं.

"वहिनी, हिकडं या. ही रेघ दिसतीया?"

दिसत होती. बारीक, कोरलेली, दांड्याच्या एका टोकापासून निघालेली. खाचांजवळ येता येता ती कलत गेली होती, वेलासारखी.

"ही रेघ मी मारलीती," मिस्त्री म्हणाले. "पट्टी लावून. सरळ. शाफ्टला पीळ पडला तर रेघंवर कळतंय, म्हणून."

नात म्हणाली, "पण ही तर तिरकी आहे."

"तेच की. पाणी चुकलं असतं न्हवं, तर गाजरागत मोडला असता. कटकन. रेघ सरळच्या सरळ राहिली असती. ह्यो आधी पाव फेरा पिळला, मग फाटला. एवढा पिळला तरी धरून ऱ्हायला. असलं काम परत आमच्या हातनं बी झालं न्हाय." त्यांनी मोडलेलं तोंड तिच्यापुढे केलं. "आनि ह्ये बग. मोडला तवा ही अर्धी बाजू मळकी हुती आनि ही अर्धी चांदीवानी. म्हंजे चीर आदल्या दिवशीच गेलती. फाटकात नुसता सुटला."

मी विचारलं, "यांना कळलं होतं?"

"आता घ्या! ज्यानं बनवला त्याला कळंना व्हय? त्याच दुपारी. मडगार्डाखाली बोट घातलं त्यांनी, तर वला चिखल. काळ्या रानातला. म्हणाले, गाडी काल पाणंदीत गेलती. मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता थोरल्या मालकास्नी सांगू, पाणी चुकलं न्हाय म्हणून. तर म्हणाले, नको. सांगितलं की इचारतील, कोण घिऊन गेलतं."

"मग?"

"मग काय न्हाय. म्हणाले, सांगणारं माणूस सांगंल कवातरी. परत कवा विषय न्हाय काढला."

हे सगळं बोलताना मिस्त्री शाफ्टकडेच बघत होते. माझ्याकडे एकदाही नाही. नात मात्र माझ्याकडे बघत होती. आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, "चहा सांगू का सगळ्यांना?"

घरी येऊन मी ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसले. रेघेवरून बोट फिरवलं. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण बोटाला कळत होतं. दरवर्षी हा दांडा माझ्यापुढे होता. "नीट बघून लाव," हे दरवर्षी सांगत होते, आणि मी कधीच दांड्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, यांना कळलंय की काय, म्हणून. कुंकू अंदाजाने लावत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी बोलते की काय, म्हणून. एवढी वर्षं आम्ही दोघं त्या पाटाशी एकमेकांकडे बघत बसलो, आणि मधे तो बिचारा दांडा कुंकू लावून घेत होता.

वाईट कशाचं वाटलं, सांगू? मला वाटत होतं, मी त्यांचा कोपरा घालवला. तसं झालंच नव्हतं. कोपरा मिळवायला त्यांना एक शब्द बोलायचा होता, तो ते बोलले नाहीत, कारण त्या शब्दाखाली मी सापडले असते. कोपरा त्यांनी दिला. आणि मी त्याची पोच कधी दिली नाही. रागावले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. मी ओरडण्याला उत्तर देण्यात पटाईत होते.

पुढच्या सोमवारी मिस्त्रींचा निरोप आला, गाडी तयार आहे, आवारात आणलीय. भट्टी आता पुतणे चालवतात. सोमवार असल्यामुळे फाटकाच्या आत कोणी नव्हतं. शेडचा उगवतीकडचा कोपरा तसाच, साच्यांनी भरलेला. नात किल्ली घ्यायला पुढे झाली. मी म्हटलं, "मी चालवते."

"आज्जी, तुला येतं?"

"आतल्या आत येतं."

मिस्त्री पुढे आले. त्यांनी दार उघडून धरलं. गुडघे मुडपून आत बसायलाच दोन मिनिटं लागली. शेजारच्या सीटवर नात बसणार होती, तिला मी खाली उतरवलं. क्लच दाबला. खुळखुळा काढून घेतात तेवढं हळू. सोडला, आणि गाडी निघाली, लोण्यावरून घसरल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदा जमलं. आणि ज्याने शिकवलं तो बघायला नाही.

पहिलं वळण आलं. मी अंग आवळून धरलं, खांदे वर, श्वास बंद. गाडी वळली आणि पुढे गेली. शिंकली नाही. दुसरं वळण, तिसरं. काही नाही. माझंच अंग प्रत्येक वळणावर झटका देत होतं, गाडी गप्प. त्या आवाजाला मी किती शिव्या दिल्या असतील. आता तो नव्हता, तर शेजारची सीट किती रिकामी आहे ते कळायला लागलं.

मिस्त्री लांबून ओरडले, "वहिनी, थांबवा आनि क्लच फाडकन सोडून बगा! भ्यायचं न्हाय!"

मी थांबवली. पाय दाबला. इंजिन ओरडलं. आणि सोडला, पाणंदीत सोडला होता तसाच. गाडी उडी मारून पुढे गेली, नात किंचाळली. खालून आवाज आला नाही.

मिस्त्रींनी जमिनीवर पोतं टाकलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. नव्या शाफ्टवरही त्यांनी रेघ मारली होती. मी खाली उतरून मागच्या चाकाशी उभी राहिले. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, जुन्या चपलांतले.

"सरळ हाय बगा रेघ," आतून आवाज आला.

नात लांब फोनवर व्हिडिओ बघत होती. मी त्या पायांना म्हटलं, "मिस्त्री, तेव्हा गाडी मीच नेली होती. पाणंदीत."

थोडा वेळ बॅटरीचा उजेड हलला नाही.

"व्हय," ते म्हणाले. मग हात बाहेर आला. "चौदाचा पाना द्या जरा. एक बोल्ट ढिला वाटतोय."

मी वाकून पाना दिला. बहुतेक चुकीचा दिला असणार, डोळे भरले होते, आकडे कुठले दिसायला. त्यांनी तो तसाच घेतला आणि बोल्ट आवळायला लागले.